उपमा, रूपक, प्रतिमा, ध्वनी : संज्ञा ओळींमध्ये शोधूया

काठावर

दहावीला 'अलंकार ओळखा' असा प्रश्न असतो, एमपीएससीच्या मराठीच्या पेपरातही असतो. त्याची तयारी कशी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'सम, सारखा, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच नाही आणि तरी तुलना आहे, तर रूपक. गुण मिळतात, पण पुढे आयुष्यभर कविता वाचताना या खुणांचा उपयोग होत नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की या संज्ञा म्हणजे शब्दांच्या खुणा नव्हेत. कवीने दोन गोष्टींमध्ये किती अंतर ठेवलंय, याची ती नावं आहेत. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात केलेल्या व्याख्या पाहा. उपमा म्हणजे भेद असताना साधर्म्य. रूपक म्हणजे उपमेय (ज्याची तुलना करतो ते) आणि उपमान (ज्याच्याशी करतो ते) यांचा अभेद. उत्प्रेक्षा म्हणजे संभावना, हे ते असावं अशी कल्पना. या व्याख्यांमध्ये 'जणू' आणि 'सारखा' कुठेच नाहीत.

उदाहरणासाठी मला बहिणाबाई चौधरींची 'मन वढाय वढाय' सर्वांत जवळची वाटते. विषय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, मन. आणि तुलनेची रीत मात्र जवळजवळ दर कडव्याला बदलते.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकावर

इथे 'जसं' नाही. मन हेच ढोर. एकदा तसं म्हटल्यावर पुढच्या दोन ओळींत मन हा शब्दसुद्धा लागत नाही, हाकलणं आणि पिकावर परत येणं हे सगळं ढोराच्या जगातलं आहे. रूपकाने हेच साधतं: उपमान एकटं येत नाही, त्याचं शेतशिवार घेऊन येतं.

दुसऱ्या एका कडव्यात ती म्हणते:

मन मोकाट मोकाट
त्याले ठायी ठायी वाटा
जशा वाऱ्यानं चालल्या
पान्यावऱ्हल्या रे लाटा

ही उपमा. पण तुलना मनाची आणि लाटेची नाही, मनाच्या वाटांची आणि लाटांची आहे. उपमेय नेमकं कोणतं हे न पाहता 'मनाला लाटेची उपमा दिली आहे' असं लिहिलं, तर पाण्यावर वाट उमटते आणि टिकत नाही ही गंमत हातातून निसटते.

मग 'मन जह्यरी जह्यरी, याचं न्यारं रे तंतर, आरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर'. विंचू-साप परवडले, त्यांच्यावर उतारा तरी असतो. उपमेय उपमानाच्या वरचढ झालं की तो व्यतिरेक. शाळेत व्यतिरेकासाठी 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' हेच उदाहरण ठरलेलं असतं, त्यामुळे व्यतिरेक म्हणजे स्तुती असा समज होतो. इथे मन विषारीपणात वरचढ आहे. व्यतिरेकाला गुण-दोषाचं सोयरसुतक नाही, फक्त पारडं झुकलं पाहिजे.

आणि हे:

मन एवढं एवढं
जसा खाकसचा दाना
मन केवढं केवढं?
आभायात बी मायेना

पहिल्या दोन ओळी उपमा आहेत, खसखशीच्या दाण्याची. पुढच्या दोन ओळींनी ती उपमा मोडली, आणि दोन्ही विधानं खरी वाटतात. चारही ओळी मिळून विरोधाभास. एका कडव्याला एकच अलंकार असतो ही परीक्षेपुरती सोय आहे.

तुमचा गोंधळ होत असलेल्या संज्ञा इथे लिहा. ओळींसकट लिहिल्यात तर उत्तम.

खान्देशी_माती

धागा आवडला. पहिल्या कडव्याबद्दल गावाकडची एक गोष्ट सांगतो, कारण पुस्तकात 'साधारणधर्म : चंचलता' एवढंच लिहून मोकळे होतात. साधारणधर्म म्हणजे दोन्हींत सारखा असलेला गुण.

वढाय म्हणजे ओढाळ. अशा गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, तरी ते जातंच. महत्त्वाचा शब्द 'उभ्या' आहे. पीक कापून झालं की रानात गुरं सोडतातच, तेव्हा त्यांना कुणी हाकलत नाही. उभं पीक म्हणजे वर्षभराचं पोट. त्यात शिरलेलं ढोर खातं त्यापेक्षा तुडवतं जास्त. शिवाय एकदा हिरव्याची चव लागली की ते त्याच बांधावरून पुन्हा येतं. म्हणजे साधारणधर्म तीन झाले: न ऐकणं, नासधूस करणं आणि चटक लागणं. माणसाच्या मनाचं याहून वेगळं काय आहे?

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर सुचलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी उतरवून ठेवली, ती १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपाने आली. आमच्याकडे ती अजूनही बायकांच्या तोंडी आहेत.

अबोली२२

खान्देशी_माती, 'उभ्या'कडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आता ती ओळ वेगळीच दिसते. धन्यवाद!

काठावर, या कवितेत उत्प्रेक्षा कुठे आहे? मला उत्प्रेक्षा आणि उपमा यांतला फरक कधीच नीट कळलेला नाही.

फळा_खडू

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तुमचा मुद्दा पटतो, पण खुणेच्या शब्दांना इतकं मोडीत काढू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सुरुवातीला काहीतरी पकडायला लागतं. 'जणू' दिसल्यावर तो थांबतो, ओळ पुन्हा वाचतो, हेही कमी नाही. पुढचं शिकवणं शिक्षकाचं काम आहे.

माझ्या वर्गात खरा गोंधळ दृष्टांत आणि अर्थान्तरन्यास यांत होतो, म्हणून तो इथे मांडते. 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा । ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार' हा दृष्टांत. मागणं एका बाजूला, मुंगी-ऐरावत दुसऱ्या बाजूला, दोन चित्रं समोरासमोर ठेवलेली. त्यातून नियम वाचकाने काढायचा. अर्थान्तरन्यासात नियमही कवीच सांगतो. 'बोध खलास न रुचे' हे सामान्य विधान, आणि त्याच्या पाठबळाला सापाच्या तोंडातलं दूध आणि नळीत घातलेलं कुत्र्याचं शेपूट. सामान्याला विशेषाचा आधार किंवा विशेषाला सामान्याचा. मुलांना मी एवढंच विचारायला सांगते: नियम कोणी सांगितला, कवीने की तुम्ही काढला?

दृष्टांताची मराठीतली परंपरा तर फार जुनी आहे. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केशोबासांनी दृष्टांतपाठात एकत्र केले. तिथे आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टांत कशाला लावायचा ते. जन्मांधांनी चाचपलेला हत्ती त्यातच आहे.

काठावर

बाई, 'नियम कोणी काढला' हा प्रश्न मी जपून ठेवतो. इतकी सोपी कसोटी कुठल्या मार्गदर्शकात वाचलेली नाही. मुलं खुणेवर थांबतात हेही मान्य. माझी तक्रार पुढे न नेणाऱ्यांबद्दल आहे.

अबोली, तुमच्या प्रश्नावर संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्शात फार सुंदर चर्चा केली आहे. तो सातव्या-आठव्या शतकातला, म्हणजे 'खूण पुरेशी आहे का' हा वाद बाराशे वर्षं तरी जुना आहे. त्याने घेतलेली ओळ अशी: 'लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः'. अंधार जणू अंगाला माखतो आहे, आकाश जणू काजळ बरसतं आहे. संस्कृतात 'इव' उपमेतही येतो आणि उत्प्रेक्षेतही. म्हणून काही जण या ओळीला उपमा म्हणत. दंडी विचारतो, उपमा असेल तर उपमान दाखवा. 'माखतो' हे क्रियापद आहे, आणि क्रियापद उपमान होऊ शकत नाही. अंधार कशासारखा आहे हे कवी सांगतच नाही. अंधाराचं पसरणं पाहून तो कल्पना करतो की हे माखणं असावं.

म्हणजे उपमेत दोन्ही वस्तू समोर असतात आणि कवी त्यांच्यातलं साम्य दाखवतो. उत्प्रेक्षेत वस्तू एकच समोर असते आणि दुसरी त्याची कल्पना असते. ती खरी नाही हे त्याला ठाऊक असतं. खरंच ठरवता येत नसेल, हे की ते, तर ससंदेह. चुकून एक वस्तू दुसरीच समजून तसं वागला, तर भ्रांतिमान.

'मन'मध्ये निखळ उत्प्रेक्षा मला सापडत नाही. शेवटचं कडवं जवळ जातं: 'कुठे जागेपनी तूले असं सपन पडलं!' देवाला जागेपणी पडलेलं स्वप्न म्हणजे मन असावं ही कल्पनाच आहे, पण ती प्रश्नाच्या रूपात आली आहे. मी तिला एका चौकटीत बसवणार नाही.

सायंतारा

अलंकार कळले असं धरून चालू. पण समीक्षेच्या लेखांत 'प्रतिमा' आणि 'प्रतीक' हे दोन शब्द सतत येतात, कधीकधी एकाच वाक्यात, एकाच अर्थाने. त्यांच्यात आणि रूपकात फरक काय? मी परदेशात मुलांना घरी मराठी कविता वाचून दाखवते. मुलगी विचारते, 'आई, पण हे झाड म्हणजे नेमकं कोण?'

काठावर

कोणती कविता ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण 'हे झाड म्हणजे कोण' हा प्रश्न मराठीत सर्वांत जास्त ज्या कवितेला विचारला गेला असेल ती बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी आहेत, म्हणून तीच घेतो.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

पुढे पैल टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी. मग पांढरी पायवाट, अडवीतिडवी, कुरणांतून काळ्या डोहाकडे गेलेली. आणि शेवटी:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

आता सुटं करून पाहू. झाड पाय टाकून बसलं, म्हणजे निर्जीव किंवा अचेतन गोष्टीने माणसासारखं वागणं: चेतनगुणोक्ती. ती एका ओळीपुरती आहे. 'गोड काळिमा'त गोडी आणि काळोख एकत्र आले, दोन शब्दांतला विरोध.

प्रतिमा म्हणजे इंद्रियांना जाणवणारं चित्र. हिरवाळी, निळासांवळा झरा, पांढरी वाट, काळा डोह या सगळ्या प्रतिमा. प्रत्येकीत तुलना असलीच पाहिजे असं नाही. पांढरी पायवाट ही पांढरी पायवाटच आहे, तिचं उपमेय शोधायला गेलो तर ती हरवेल. रूपकाला दोन टोकं लागतात, प्रतिमेला एक पुरतं.

प्रतीक कधी म्हणायचं? एखादी प्रतिमा तिच्या जागेपेक्षा जास्त वजन पेलायला लागते तेव्हा. या कवितेत नजर कुठून कुठे जाते बघा: वाहणाऱ्या झऱ्यापासून, वस्तीवरून, पिकांवरून, एका वाटेने काळ्या डोहापर्यंत. रंगही हिरव्याकडून काळ्याकडे सरकतात. सगळं हलतं आहे, आणि शेवटी एक जण बसलेला आहे. त्यामुळे वाचकांना डोहात मृत्यू दिसला, औदुंबरात विरक्त साधू दिसला, दत्ताचं झाड म्हणूनही तो अर्थ जवळचा वाटला. कवीने यातलं काही सांगितलेलं नाही. रूपकात 'मन = ढोर' असं समीकरण मांडता येतं. प्रतीकात एकच बाजू लिहिलेली असते, दुसरी रिकामी असते, आणि ती भरली तरी पूर्ण भरत नाही.

म्हणून मुलीला सांगताना 'औदुंबर म्हणजे अमुक' असं सांगू नका असं मला मनापासून वाटतं. तिला विचारा, सगळं वाहतंय, चालतंय, आणि हा एकटाच का बसलाय? उत्तर तिला देऊ द्या.

सायंतारा

'औदुंबर'च होती! आज रात्री पुन्हा वाचतो आम्ही.

फळा_खडू

प्रतिमेबद्दल थोडी भर. मर्ढेकरांच्या 'पिपांत मेले ओल्या उंदिर' या ओळीवर मुलं हमखास विचारतात, 'उंदीर म्हणजे माणसं ना?' मी हो म्हणते, पण लगेच 'ओल्या' शब्दाकडे परत नेते. अर्थ कळला म्हणून ते ओलं पिंप नाकाला जाणवेनासं झालं, तर कविता हातातून गेली.

अक्षरयात्री

उपरोध, वक्रोक्ती, व्याजस्तुती या तिघांचं काय? वर्तमानपत्रांत तर 'वक्रोक्ती' म्हणजे टोमणा असाच वापर दिसतो.

काठावर

थोडक्यात सांगतो. वक्रोक्ती हा शब्द दोन वेगळ्या उंचीवर वापरतात. कुंतकाने वक्रोक्तिजीवितात तिला काव्याचा प्राणच म्हटलं, सरळ बोलण्यापेक्षा वेगळं, कवीचं असं सगळंच बोलणं त्यात येतं. अलंकार म्हणून ती फार लहान आहे: ऐकणाऱ्याने मुद्दाम वेगळा अर्थ घेणं, श्लेषाने (एकाच शब्दाच्या दोन अर्थांनी) किंवा आवाजाच्या हेलकाव्याने. त्या हेलकाव्याला काकू म्हणतात.

व्याजस्तुतीत वर एक आणि आत उलट. 'होती वदनचंद्राच्या दर्शनाचीच आस ती, अर्धचंद्रच तू द्यावा, कृपा याहून कोणती?' चंद्र पाहायला गेलो, अर्धचंद्र मिळाला, म्हणजे गचांडी. पण मम्मटाच्या व्याख्येत उलट दिशाही आहे: वरून निंदा, आतून स्तुती. आपल्या संतांकडे हीच दिशा जास्त आहे, आणि मला नामदेवांचा हा अभंग त्यातला शिरोमणी वाटतो:

पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा
पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा
घेसी तेव्हां देसी ऐसा अससी उदार
काय देवा रोधूं तुमचें कृपणाचें द्वार

'घेतोस तेव्हा देतोस, असा तू उदार.' 'उदार' हा शब्द वरून स्तुती, आतून निंदा. आणि ही निंदा असलेला अख्खा अभंग आतून काय आहे? माघारी जातो म्हणणारा दारातच उभा आहे, देवाशी भांडतो आहे. इतकं भांडण परक्याशी होत नाही. व्याजस्तुतीच्या पोटात व्याजनिंदा, एकात एक. उपरोध म्हटलं तर आतला पहिला थर पकडला जातो, दुसरा नाही.

गोदाकाठ

इतकं आलंच आहे तर ध्वनीबद्दल, म्हणजे शब्दांनी न सांगता सुचवलेल्या अर्थाबद्दल, लिहितो, कारण त्यातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या गोदावरीच्या काठचं आहे आणि शाळेत ते कुणी सांगत नाही.

हाल राजाने जमवलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यात एक गाथा: 'भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ तेण । गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण'. गोला म्हणजे गोदावरी. अर्थ असा: 'महाराज, आता निर्धास्त फिरा. ते कुत्रं आज मारलं गेलं, गोदावरीकाठच्या झाळीत राहणाऱ्या त्या मस्तवाल सिंहाने मारलं.'

बोलणारी एक स्त्री आहे. ती झाळी म्हणजे तिची प्रियकराला भेटायची जागा. हा धार्मिक गृहस्थ फुलं वेचायला तिथेच येतो आणि एकांत मोडतो. आधी कुत्र्याला भ्यायचा, तरी यायचा. आता ती म्हणते 'फिरा', आणि सांगते की तिथे सिंह आहे. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोकाच्या सुरुवातीलाच ही गाथा घेतली, कारण इथे शब्द 'ये' म्हणतात आणि अर्थ 'येऊ नकोस' निघतो.

शब्दशक्ती तीन: अभिधा, लक्षणा, व्यंजना. अभिधा म्हणजे सरळ अर्थ. सरळ अर्थ अडतो तेव्हा लक्षणा येते. 'सारा गाव जत्रेला लोटला' म्हटल्यावर गाव काही चालत जात नाही, म्हणून गाव म्हणजे गावातली माणसं. या गाथेत सरळ अर्थ कुठेच अडत नाही. 'कुत्रं मेलं, फिरा' हे वाक्य धडधाकट आहे. म्हणून ही लक्षणा नाही. अर्थ पुरा होतो आणि त्याच्यापलीकडून दुसरा अर्थ येतो, ती व्यंजना.

अक्षरयात्री

गोदाकाठ, पण याला वेगळी शब्दशक्ती कशाला हवी? कुत्र्याला भिणारा सिंहाच्या जागी जाणार नाही, हा साधा तर्क आहे. ऐकणारा अनुमान करतो, झालं.

गोदाकाठ

हाच आक्षेप महिमभट्टाने व्यक्तिविवेकात घेतला, आणि याच गाथेवर घेतला. ध्वनी वगैरे काही नाही, हे अनुमान आहे.

मम्मटाने त्याला दिलेलं उत्तर मला भारतीय काव्यशास्त्रातल्या सर्वांत चोख उत्तरांपैकी वाटतं. अनुमानाला पक्का हेतू, म्हणजे ज्यावरून निष्कर्ष काढायचा ते कारण, लागतो, धूर तिथे अग्नी इतका पक्का. इथे हेतू एकेक करून तपासा. भित्रा माणूस भीतीच्या जागी जातच नाही का? गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने जातो, प्रिय माणसासाठी जातो. म्हणजे हेतू डळमळीत. बरं, कुत्र्याला भिणारा सिंहालाही भितोच का? कुत्र्याला टाळणारा एखादा वीर सिंहासमोर उभा राहील. म्हणजे हेतू उलटाही पडू शकतो. आणि मुळात तिथे सिंह आहे हे कशावरून? कुणी पाहिलेला नाही, कशावरून सिद्ध झालेला नाही. आहे तो तिच्या शब्दावरून, आणि तिचा शब्द प्रमाण मानायला काही आधार नाही.

तरीही गाथा ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं की ती त्याला घालवते आहे. तर्काच्या तिन्ही पायऱ्या काढून घेतल्या तरी अर्थ पोहोचतोच, म्हणून मम्मट त्याला अनुमान म्हणायला तयार नाही.

अबोली२२

म्हणजे सिंह नसेलही! मी इतका वेळ सिंह धरूनच वाचत होते.

गोदाकाठ

बहुतेक सगळेच धरतात. त्या गृहस्थानेही धरला असावा, एवढीच तिची अपेक्षा होती. सप्तशतीत अशा गाथा भरपूर आहेत. वाचताना प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा: कोण बोलतंय, कोणाला, आणि तिसरं कोण ऐकतंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा गाथेत लिहिलेलं नसतं. वेळ मिळेल तशा पुढच्या आठवड्यापासून काही गाथा याच धाग्यावर देतो. फळा_खडू बाई, तुमच्या वर्गात चालतील अशा निवडून वेगळ्या लिहीन.